विदर्भातल्या शेताचे वर्ष आणि उपासनेचे वर्ष: चिंतन कसे मांडावे?

प्रश्न — धर्मशिक्षक, यवतमाळ जिल्हा

जय येशू. मी एका लहान गावात धर्मशिक्षक म्हणून सेवा करतो. फादर महिन्यातून एकदा मिस्सा अर्पण करण्यासाठी येतात. बाकीच्या रविवारी लोकांना जमवणे, शास्त्रवाचने वाचणे, प्रार्थना चालवणे आणि वाचनांवर थोडे चिंतन मांडणे हे काम माझ्याकडे असते. माझी अडचण उपासना वर्षातील, म्हणजे चर्चच्या सणांच्या वर्षातील, काळांविषयी आहे आणि ती मला गेली काही वर्षे सतत टोचत आहे.

माझ्याजवळच्या चिंतनाच्या पुस्तिकांत नाताळ म्हटले की गोठवणारी थंडी, आणि पुनरुत्थान म्हटले की बर्फ वितळून उमललेली फुले, असेच वर्णन येते. आमच्याकडे पुनरुत्थानाचा रविवार येतो तेव्हा पऱ्हाटी उपटून झालेली असते, काळी जमीन भेगाळलेली असते, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि बायका पहाटेपासून हातपंपावर रांगेत उभ्या असतात. एका वर्षी मी त्या रविवारी सृष्टी नवी झाल्याचे वर्णन वाचून दाखवले, तेव्हा एका वृद्ध मावशींनी नंतर मला बाजूला घेऊन विचारले, "कुठी झाली बाबू नवी? मले त काई दिसली नाई." त्यांच्या बोलण्यात अविश्वास नव्हता, त्यांना खरोखर समजून घ्यायचे होते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचे, त्याच्या उलट होते. प्रतीक्षेचा आणि शांततेचा म्हणून सांगितलेला हा काळ कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत येतो. संध्याकाळी प्रार्थनेला आलेली माणसे इतकी थकलेली असतात की "जागृत राहा" हे वचन त्यांच्यापुढे वाचताना मलाच संकोच वाटतो.

उपासना वर्ष मुळात दुसऱ्याच हवामानातल्या माणसांसाठी घडले आहे काय? की आपल्या शेताच्या वर्षाजवळ ते प्रामाणिकपणे आणता येते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर — ग्रामीण धर्मग्रामात सेवा करणारे एक धर्मगुरू

भाऊ, बर्फ आणि फुले ही वर्णने युरोपातल्या लोकांनी आपल्या अंगणात पाहून लिहिली. त्यांच्यासाठी ती खरी आहेत, परंतु पवित्र शास्त्रातली भूमी तशी नाही. येशूच्या देशात पाऊस साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि पुढचा उन्हाळा अगदी कोरडा जातो. ज्यूंचा वल्हांडणाचा सण, ज्याच्या दिवसांत येशूचे मरण व पुनरुत्थान झाले, येतो तो पाऊस सरत आलेला असताना आणि जव कापणीला आलेले असताना. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात पहिली पेंढी देवापुढे आणण्याची आणि तेथून पन्नास दिवस मोजण्याची आज्ञा आहे. त्या मोजणीच्या शेवटी येणारा सण गव्हाच्या कापणीचा. प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला तो याच सणाच्या दिवशी. म्हणजे पुनरुत्थानापासून पेंटेकॉस्टपर्यंतचे दिवस हे मुळात सोंगणीचे आणि खळ्यावरचे दिवस आहेत. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात हेच चाललेले असते: हरभरा निघालेला असतो, गहू निघत असतो. संत पौलाने उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे फुलांचा ताटवा नव्हता, ती पहिली पेंढी होती. भेगाळलेले शेत पाहून मावशींना पुनरुत्थान दिसले नाही हे मी समजू शकतो. त्यांना शेताऐवजी घरात आलेल्या गव्हाच्या पोत्याकडे पाहायला सांगा. मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयीचे वचन तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या मार्कच्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या (पुनरुत्थानाआधीच्या उपवासाच्या काळाच्या) पाचव्या रविवारी वाचले जाते. २०२७ साली तो रविवार १४ मार्चला, म्हणजे गहू सोंगण्याच्या दिवसांत येतो.

पुनरुत्थानाच्या सणाची तारीखही आपल्या माणसांना परकी नाही. ३२५ साली निकाया येथील धर्मसभेने हा सण सर्वांनी एकाच रविवारी साजरा करावा असे ठरवले, आणि पुढे रूढ झालेल्या नियमानुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरला जातो. ही पौर्णिमा आपल्याकडे बहुधा चैत्राची असते, कधी फाल्गुनाची. चंद्रावरून महिना मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही.

मला खरी खंत वाटते ती सामान्यकाळाविषयी, कारण त्यावर कोणी चिंतन करीतच नाही. हा काळ ३३ किंवा ३४ आठवड्यांचा, वेदीवर हिरवे वस्त्र असते, आणि त्याचा मोठा भाग पेंटेकॉस्टनंतर नोव्हेंबरपर्यंत चालतो. आपला सारा खरीप हंगाम त्यात मावतो. १९६९ सालच्या सुधारणेनंतर रविवारची शुभवर्तमाने तीन वर्षांच्या चक्रात वाचली जातात. २०२६ हे मत्तयचे वर्ष आहे. त्यात १२ जुलैला पेरणाऱ्याचा दाखला येतो आणि १९ जुलैला गव्हातल्या निदणाचा (तणाचा). आपल्याकडे त्या दिवसांत पेरणी उलटून काही आठवडे झालेले असतात, कोठे बी उगवले, कोठे दडपले हे प्रत्येकाला दिसत असते, डवरणी सुरू असते आणि बायका निंदायला गेलेल्या असतात. निदण म्हणजे काय हे शहरातल्या मंडळीत मला समजावून सांगावे लागते. तुमच्याकडे ऐकणाऱ्यांच्या नखांत ती माती असते. पुढचे वर्ष मार्कचे. २०२७ साली १३ जूनला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, शेतकरी झोपतो व उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही, हा छोटासा दाखला वाचला जाईल. धर्मशिक्षकाने त्या रविवारी फार बोलू नये, असे मला वाटते.

उत्तर — एक शेतकरी भगिनी, अमरावती जिल्हा

धर्मशिक्षक भाऊ, मी स्वतः वेचायला जाते, म्हणून आगमनकाळाविषयी लिहिते. मत्तयच्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी जे शुभवर्तमान वाचतात, त्यात प्रभू म्हणतो की दोघे शेतात असतील, एकाला घेतले जाईल व एकाला ठेवले जाईल. दोघी जात्यावर दळत असतील. प्रभूने ज्यांना जागृत राहायला सांगितले ते काम टाकून बसलेले लोक नव्हते, कामात असलेलेच होते. आपण संकोच करू नये. थकलेल्या माणसाला "आणखी जागा" असे ते वचन सांगत नाही. आम्ही शेतात असतानाच तो येऊ शकतो, असे सांगते, आणि आम्हाला त्याचा आधार वाटतो.

दुसरी गोष्ट दहिवराची. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी प्रवेशस्तोत्रात यशयाचे वचन आहे: आकाशांनो, वरून दव गाळा. त्या दिवसांत हरभऱ्यावर दहिवर पडते. माझी आजी संध्याकाळी हरभऱ्यावर स्वच्छ फडके पसरून ठेवीत असे आणि सकाळी ते पिळून आंब (हरभऱ्यावरचे आंबट दहिवर) काढून पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवीत असे. शास्ते या पुस्तकात गिदोनाने रात्री खळ्यावर लोकर ठेवली आणि सकाळी ती पिळून वाटीभर पाणी काढले, ही कथा मी प्रथम ऐकली तेव्हा मला आजीच दिसली. जुन्या ख्रिस्ती चिंतनांत ती लोकर पवित्र मरियेची खूण मानली आहे: आवाज न होता, रात्रीतून, स्वर्गातले दव तिच्यात उतरले. बर्फाचे वर्णन वाचून दाखवण्यापेक्षा आपल्या मंडळीला आंब आठवायला सांगा. वयस्कर बायकांच्या चेहऱ्यावर लगेच ओळख उमटेल.

आणि त्या मावशींसाठी एक. फादरांनी गव्हाचे सांगितले ते योग्यच आहे, परंतु चैत्रात कडुनिंबाला आणि पिंपळाला पालवी फुटते ती काही पाऊस पडला म्हणून नव्हे. विहीर आटत असते, नदीचे पात्र कोरडे असते, आणि त्याच आठवड्यांत निंब कोवळ्या तांबूस पानांनी भरतो.

प्रायश्चित्तकाळाबद्दल आपण विचारले नाही, तरीही लिहिते. त्या दिवसांत शेतमजुरांच्या घरी काम कमी असते आणि घरातली बाई तशीही शेवटी जेवते. तिला उपवासाचे महत्त्व सांगताना राखेच्या बुधवारानंतरच्या, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसानंतरच्या, शुक्रवारी वाचला जाणारा यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय आधी वाचावा: जुवाची बंधने सोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच देवाला आवडणारा उपवास. तो उपवास तिच्याकडून मागायचा नाही, तिच्यासाठी इतरांनी करायचा आहे.

उत्तर — सेवानिवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, परंतु एक सावधगिरी सुचवतो. मीही अनेक वर्षे असे चिंतन मांडत आलो आहे. एका वर्षी पेंटेकॉस्ट मृगाच्या सुमारास आला होता. मी उत्साहाने सांगितले की जसा मृगाचा पाऊस भुकेल्या जमिनीवर येतो तसा आत्मा आपल्यावर येतो. लोकांना ते फार भावले. पुढे तीन आठवडे पावसाने दडी मारली, पेरलेले बियाणे करपले, अनेकांना दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागले, आणि त्यांच्यासमोर उभा राहताना मला माझेच शब्द आठवत राहिले. पाऊस आला नाही म्हणजे आत्मा आला नाही, असे कोणी म्हटले नाही, पण मीच ते दार उघडून ठेवले होते.

शिवाय पेंटेकॉस्ट १० मेपासून १३ जूनपर्यंत केव्हाही येतो आणि २०२६ साली तो २४ मेला, ऐन उन्हाच्या कहरात आहे. उपासना वर्ष हे ख्रिस्ताने केलेल्या कृतींचे वर्ष आहे, हंगामांचे नव्हे. शेत दाखल्यासाठी घ्यावे, पुराव्यासाठी घेऊ नये.

उत्तर — तेच धर्मगुरू

गुरुजी, आपण म्हणता ते मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मीही ही चूक केलेली आहे. ज्या वर्षी पीक बुडते त्या वर्षासाठी शास्त्रात हबक्कूकचा तिसरा अध्याय आहे: अंजिराला फुले आली नाहीत, शेतांत अन्न पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. चर्चच्या रोजच्या प्रार्थनेच्या चार आठवड्यांच्या क्रमात दुसऱ्या शुक्रवारी सकाळी चर्च हे गीत म्हणते, पीक कसेही असो. मात्र ते बुडालेल्या माणसाला ऐकवायचे नाही. त्याच्याजवळ बसून आपण म्हणायचे.

एक जुनी प्रथा येथे उपयोगी पडेल. गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन येथील बिशप मामेर्तुस यांनी ४७० सालच्या सुमारास, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपवास व विनवणीच्या मिरवणुका सुरू केल्या आणि त्या पुढे शेतांसाठीच्या प्रार्थना म्हणून पाश्चात्त्य चर्चभर पसरल्या. १९६९ च्या नियमांनी त्यांची वेळ व पद्धत ठरवणे प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेवर सोपवले, कारण निरनिराळ्या प्रदेशांच्या गरजा निराळ्या असतात. तिथे पाऊस पडल्याचे गृहीत धरलेले नाही. तिथे पाऊस मागितला जातो.

धर्मशिक्षक, यवतमाळ जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. येत्या पास्काच्या जागरणाला, म्हणजे पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या प्रार्थनेला, मेणबत्तीजवळ प्रत्येक घरातून ओंजळभर नवा गहू किंवा हरभरा आणावा असे मंडळीला सांगणार आहे, ज्यांच्याकडे पिकला नसेल त्यांनी शेजाऱ्याच्या पोत्यातून घ्यावा असेही सांगेन. रोहिणीच्या सुमारास फादर येतील तेव्हा शेतात जाऊन विनवणी करण्याविषयी त्यांना विचारतो. आंब मात्र माझ्या घरी कोणी काढत नाही. ती कशी काढतात ते ताईंनी सविस्तर लिहावे. मावशींच्या अंगणात कडुनिंब आहे. दर उन्हाळ्यात मी त्याच्याच सावलीला बसून त्यांच्या हातचे पाणी पितो.