१९७० ची शेव्हेल एसएस ४५४ : विक्रेत्याचा दावा कसा पडताळावा?

सह्यकडा :
ओहायोतील एका खासगी विक्रेत्याने १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ४५४ म्हणजे इंजिनाचे घन इंच) विक्रीला काढली आहे. गाडी लाल असून बॉनेटवर काळे पट्टे आहेत, गिअरबॉक्स चार गिअरांचा मॅन्युअल आहे, आणि बॉडी चासीवरून उतरवून संपूर्ण रिस्टोरेशन केल्याचे जाहिरातीत म्हटले आहे. इंजिन मूळचेच, ३६० अश्वशक्तीचे एलएस५ (४५४ इंजिनाचा एक प्रकार) असल्याचे विक्रेता सांगतो. मात्र बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचे ते सांगणारा कारखान्यातला कागद) मागितली असता ती आधीच्या मालकाकडून मिळालीच नाही, असे उत्तर आले. व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३६३७०बी असा सुरू होतो. मागणी ७८,००० डॉलरची आहे. गाडी अस्सल एसएस आहे की साध्या मालिबूची (शेव्हेलच्याच नेहमीच्या मॉडेलची) केलेली नक्कल, हे व्हिनवरून कळते का? प्रत्यक्ष पाहायला जाण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

बिगब्लॉक :
व्हिनवरून कळणार नाही. १३६३७ म्हणजे आठ सिलिंडरांची दोन दारी मालिबू, ० म्हणजे १९७० आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. त्यापुढे नुसता अनुक्रमांक असतो. १९६८ पर्यंत एसएस ३९६ ला स्वतंत्र क्रमांक होता, पण १९६९ पासून एसएस हे मालिबूवर घ्यायचे पॅकेज झाले आणि व्हिनमधली ती खूण गेली. इंजिनामागच्या पत्र्यावर (फायरवॉलवर) ट्रिम टॅग, म्हणजे बॉडीची तारीख आणि रंग यांच्या कोडांची पट्टी असते; तिच्यावरही एसएसचा उल्लेख नसतो. शिवाय बिल्ले, जाळी, गोल मीटरांचा डॅशबोर्ड, बॉनेट असे सगळे काही आज नवे बनवून मिळते. त्यामुळे दिसण्यावर जाऊन उपयोग नाही; बिल्ड शीट किंवा त्या वेळचे डीलरचे बिल हाच खरा पुरावा, आणि इथे नेमके तेच नाही. पाँटियाकचे जुने कागद पीएचएस या संस्थेकडून मागवता येतात, १९६७ पासूनच्या फोर्डचा मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल) निघतो, पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेसाठी तशी सोय नाही.

उरते ते इंजिन. उजव्या हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागाच्या) पुढे ब्लॉकवर एक सपाट पॅड असतो. त्यावर इंजिन जुळणीची तारीख, तीन अक्षरी कोड आणि व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. त्या पॅडचे आणि ट्रिम टॅगचे स्पष्ट छायाचित्र मागवा. व्हिनचा हाच भाग चासीच्या डाव्या रेलवर, मागच्या चाकाच्या आसपास, बहुधा वरच्या अंगाला ठोकलेला असतो आणि बॉडी बसवल्यावर तो सहसा दिसत नाही. बॉडी खरोखरच उतरवली असेल, तर पुरावा जपणाऱ्या माणसाने त्या खुणेचा फोटो काढल्यावाचून राहणे अवघड आहे.

पत्रेवाला :
कागदांचे वर आलेच आहे, मी पत्र्यापुरते लिहितो. या गाड्या मागच्या काचेच्या खाचेत सडतात, कारण तिथे पाणी साचते आणि खाली डिकीत उतरते. म्हणून डिकीतील मॅट उचलून पत्रा खालून-वरून पाहा. मागच्या चाकांच्या कमानी आणि त्यामागचा खालचा भाग येथे लांबी भरून वर रंग मारण्याची जुनी खोड आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र न्या आणि छताचे माप आधी घ्या, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. एखाद्या ठिकाणी आकडा छताच्या कित्येक पट आला, तर आत काय दडले आहे ते विक्रेत्यालाच विचारा. चमक पाहून भुलू नका, लाल रंग बरेच काही झाकतो.

सह्यकडा :
आभारी आहे. विक्रेत्याने दोन छायाचित्रे पाठवली. पॅडवर टी०४२२सीआरव्ही असे स्पष्ट वाचता येते, पण व्हिनचा भाग चौकटीबाहेर राहिला आहे. ट्रिम टॅगवर ०२ए आहे. चासीचे छायाचित्र नाही, असे तो म्हणतो.

बिगब्लॉक :
मग हिशेब जुळत नाही. ०२ए म्हणजे बॉडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली, आणि टी०४२२ म्हणजे टोनावांडाच्या इंजिन कारखान्यात २२ एप्रिलला जुळवलेले इंजिन. जे इंजिन एप्रिलपर्यंत तयारच नव्हते, ते फेब्रुवारीतल्या गाडीत बसणे शक्य नाही. त्यातून सीआरव्ही हा एलएस५ चा कोडच नव्हे. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच्या एलएस६ चा, म्हणजे ४५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा आहे. एखाद्याला खरोखरच एलएस६ लाभले असते, तर त्याने ते ३६० अश्वशक्तीचे म्हणून विकले असते का? तेव्हा एक तर ब्लॉक दुसऱ्या गाडीचा आहे, नाही तर पॅड घासून त्यावर नवी अक्षरे ठोकली आहेत.

गाडी वाईटच असेल असे मी म्हणत नाही. पत्रा निकोप निघाला, तर चालवण्याचा आनंद नक्कल गाडीतही तितकाच मिळतो. फक्त किंमत उत्तम मालिबूची द्या, एसएसची नको. व्हिनच्या भागासह पॅडचे पूर्ण छायाचित्र येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका, आणि डॅशबोर्डवरच्या पट्टीचा व्हिन टायटलशी (मालकीच्या कागदाशी) अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

पत्रेवाला :
सहमत. एक भर घालतो : ब्लॉक खरोखर एलएस६ चा असेल आणि आतले पिस्टनही मूळचेच असतील, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) ११.२५ ला १ इतके आहे. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ते ठोके देईल, तेव्हा आत कोणते पिस्टन टाकले आहेत हेही विचारून घ्या.