लालभडक, लालबुंद की नुसता लाल? ‘हीरो’चे रंग आणि आपले शब्द

ओसरी:
चिनी दिग्दर्शक झांग यिमोऊचा ‘हीरो’ (२००२) हा चित्रपट आवडणाऱ्या आम्हा काही जणींची एका शब्दावरून जुंपली आहे, म्हणून इथे विचारते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला चीन, राज्याराज्यांत लढाया, आणि छिनच्या राजाच्या जिवावर उठलेले तिघे मारेकरी (मॅगी च्युंग, टोनी ल्युंग, डॉनी येन). ‘अनाम’ नावाचा योद्धा (जेट ली) दरबारात येऊन सांगतो की मी त्या तिघांना संपवलं, आणि कसं ते ऐका. राजाला ते पटत नाही. तो स्वतःच्या अंदाजाने दुसरी हकीकत रचतो. मग अनाम खरी हकीकत सांगतो. गंमत अशी की प्रत्येक हकीकतीला स्वतःचा रंग आहे. पहिली लाल, दुसरी निळी, खरी पांढरी, आणि तिच्या पोटातली एक आठवण हिरवी. राजवाडा आणि सैन्य काळं.

मी लिहिलं होतं, ‘पहिल्या भागातले लालभडक झगे डोळ्यांतून जात नाहीत.’ मैत्रीण म्हणते, कौतुक करताना ‘भडक’ कसं चालेल, भडक म्हणजे बटबटीत, लालबुंद म्हण. मला लालबुंद म्हटलं की संतापलेले हेडमास्तर दिसतात. तर भडक, बुंद, चुटुक, धमक, शार, गार, कंच ही जी शेपटं रंगांना लागतात, त्यांचे काही नियम आहेत का?

शाईचा डाग:
नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण कान बरोबर ओळखतो. लालबुंद काय काय असतं बघा: रागावलेला चेहरा, उन्हातून आलेल्या पोराचे गाल, चिरल्यावर चांगलं निघालेलं कलिंगड, पिकलेला टोमॅटो. म्हणजे आत काहीतरी भरलंय आणि ते वर आलंय असा लाल. लालचुटुक लहान आणि नाजूक गोष्टींना: पोपटाची चोच, ओठ, डाळिंबाचे दाणे. लालभडक मात्र वरून दिसणारा, समोरच्याच्या डोळ्यांवर चाल करून येणारा. कापड, कुंकू, ज्वाळा, जास्वंद. झगा लालबुंद होणार नाही, कारण झग्याला आत काही नसतं. तुमचं बरोबर आहे.

व्याकरणाच्या दोन गोष्टी. पहिलं पद लिंगवचनाप्रमाणे बदलतं, शेपूट बदलत नाही: हिरवागार, हिरवीगार, हिरवंगार. आणि या शब्दांना ‘खूप’ लागत नाही. ‘खूप हिरवागार’ कुणी लिहिलं की मला त्याच्या हातातून पेन काढून घ्यावंसं वाटतं.

निवडुंग:
असहमत. ‘भडक मेकअप’, ‘भडक नाटक’, ‘भडक मथळा’ यांत कौतुक कुठे आहे? मूळ अर्थ काही असो, आज भडक म्हणजे मर्यादा सुटलेलं. ‘हीरो’चे कपडे एमी वादा यांनी केले, ज्यांना जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘रान’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं होतं. त्या लालमध्ये किती छटा आहेत ते सुलेखनशाळेच्या प्रसंगात थांबवून बघा. विद्यार्थ्यांचा लाल निराळा, भिंतींचा निराळा, मॅगी च्युंगचा निराळा. काही तर विटकरीकडे झुकलेले. या सगळ्याला सरसकट लालभडक म्हणणं म्हणजे न बघताच लिहिणं. आणि ‘डोळ्यांतून जात नाहीत’ हे बरं वाटलं. नाहीतर ‘नेत्रदीपक’ असतंच ठरलेलं. शंभर टक्के निकालापासून फटाक्यांपर्यंत सगळं नेत्रदीपक.

तांबडा_रस्सा:
आमच्याकडं ‘तांबडीभडक मिरची’ म्हणतात, आणि ते कौतुकच असतंय. भडक नसली तर कोण घेणार?

बाकी लाल-तांबडा हा वाद आधी मिटवा. पानं, माती, पहाट, रस्सा हे तांबडं. झग्याला लाल म्हणा. मॅगी च्युंग आणि टोनी ल्युंगची शिष्या झांग झीयी, त्या दोघी पिवळ्या पानांत लढतात आणि शेवटी सगळं रान रंग बदलतं, तिथं माझ्या तोंडात ‘तांबडं झालं’ असंच आलं. ‘लाल झालं’ म्हटलं तर कुणीतरी रंगाचा डबा ओतल्यासारखं वाटतंय.

ओसरी:
त्या प्रसंगासाठी मला दोन्ही शब्द लागतात. आधी पानं पिवळीधमक. इथे धमकला पर्याय नाही. पिवळाजर्द हळदीला किंवा झेंडूला ठीक, पण उन्हात चमकणाऱ्या पानाला धमकच. मग झांग झीयी कोसळते आणि अख्खं जंगल लालभडक होतं.

अवांतर: ती पानं इनर मंगोलियातल्या पॉपलरच्या जंगलातली. शरद ऋतूत थोडेच दिवस ती अशी पिवळी असतात. पडलेली पानं गोळा करून त्यांची प्रतवारी लावली होती, चांगली पानं कॅमेऱ्याजवळ उडवायला आणि डावी लांब. आपल्याकडे हापूसची लावतात तशी.

शाईचा डाग:
निवडुंग, तुमचा आक्षेप मान्य करून तोच उलटा फिरवतो. लाल हकीकत कुठली आहे? खोटी. अनामने राजाला सांगितलेली बनावट गोष्ट. त्यात काय काय आहे: प्रियकराची बेइमानी, मत्सर, दाराच्या फटीतून पाहणं, खून, मग त्या खुनाचा सूड. जे थोर योद्धे म्हणून ओळखले जातात ते या गोष्टीत सवंग माणसांसारखे वागतात. राजा नेमका तिथेच शंका घेतो. तो म्हणतो, मी त्यांना पाहिलंय, ती माणसं इतकी हलकी नाहीत.

म्हणजे ही हकीकतच भडक आहे. तुम्ही ‘भडक मथळा’ म्हणालात त्याच अर्थाने. आणि भडकणं हे क्रियापदही तिथे लागू पडतं, कारण तिथे प्रत्येक जण भडकलेला आहे. म्हणून मला लालभडक हाच शब्द हवा, दोषासकट हवा. दिग्दर्शकाने कपडे सुंदर ठेवून गोष्ट भडक ठेवली. आपल्या शब्दात दोन्ही मावतं.

निवडुंग:
हे पटण्यासारखं आहे. पण मग हा शब्द फक्त त्याच भागाला लावा. दरबारात राजाच्या पाठीमागे ‘तलवार’ हे एकच अक्षर लिहिलेलं प्रचंड कापड टांगलेलं असतं, तेही लाल शाईतच. ते भडक नाही.

तांबडा_रस्सा:
तलवारीचा विषय काढलाच आहे तर. त्यांची ती तलवार म्हणजे सरळ, दुधारी, निमुळत्या टोकाची. आपल्या डोक्यात तलवार म्हटलं की बाकदार पातं येतं. दुधारी सरळ म्हणजे आपल्याकडं खांडा, पण खांडा जड आणि टोकाला रुंद. धोप सरळ खरी, पण तिची तऱ्हा वेगळी. तेव्हा नुसती ‘सरळ दुधारी तलवार’ म्हणावं आणि पुढं जावं.

मला सांगायचंय ते ‘पवित्रा’ या शब्दाबद्दल. पेपरवाल्यांनी त्याची पार रया घालवली. विरोधक आक्रमक पवित्रा घेतात, कर्मचारी संपाचा पवित्रा घेतात. मूळ शब्द आखाड्यातला. कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकताना पहिले कित्येक दिवस हातात काही देत नाहीत, नुसते पवित्रे. पाय कुठं, वजन कुठल्या पायावर, नजर कुठं. वार नंतर. आता ‘हीरो’तली पावसातली झुंज आठवा. जेट ली आणि डॉनी येन समोरासमोर उभे, आंधळा म्हातारा तंतुवाद्य वाजवतोय, छपरावरून पाणी गळतंय, आणि दोघं डोळे मिटून मनातल्या मनात लढतायत. शरीर हलत नाही. अख्खी झुंज पवित्र्यातच चाललीय! याला ‘देमार सिनेमा’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

ओसरी:
‘देमार’ला +१. देमारपट म्हटलं की ढिशुम ढिशुम आणि फुटणारी मडकी. मग काय म्हणायचं? ‘युद्धपट’ नाही, ‘साहसपट’ नाही.

दूरदेशी:
मी सिंगापुरात असते. चिनी शेजाऱ्यांच्या बोलण्यात या प्रकाराला ‘वूश्या’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे युद्धकौशल्य आणि ‘श्या’ म्हणजे असा माणूस जो कुणाचा चाकर नाही, पण दिलेल्या शब्दासाठी तलवार काढतो. मराठीत शिलेदार जवळचा वाटेल, कारण शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं असायचं, बारगिरासारखं सरकारी नव्हे. पण शिलेदारही पगारी होता. मी वूश्याच लिहिते. आपण ‘सामुराई’ पचवला, हाही पचेल.

पात्रांच्या नावांची आणखी मजा. मॅगी च्युंग म्हणजे ‘उडता बर्फ’, झांग झीयी ‘चंद्रासारखी’, डॉनी येन ‘विशाल आकाश’. टोनी ल्युंगच्या नावाचा अर्थ ‘मोडकी तलवार’. चिनीत ते खानदानी वाटतं, मराठीत भंगारवाल्याची आरोळी. भग्नखड्ग म्हणावं तर संगीत नाटकात शिरल्यासारखं होतं. मी आपलं टोनी ल्युंगच म्हणते.

निवडुंग:
‘मोडकी तलवार’ वाचून चहा सांडला.

निळ्याकडे येऊ. सगळे डोळे मिटून ‘निळाशार’ लिहितात. निळाशारला खोली लागते. समुद्र, पावसाळ्यानंतरचं आभाळ, फार तर मोराची मान. ‘हीरो’तला निळा भाग राजाच्या कल्पनेतला, तो कपड्यांत आहे, आणि फिकट आहे. आकाशी म्हणा, राखाडीकडे झुकलेला आकाशी. तळ्यावरच्या झुंजीत तर पाणी निळं नाहीच. सिचुआनमधल्या जिउझायगोउचं ते तळं. चुन्याच्या क्षारांमुळे तिथल्या पाण्याचा रंग प्रसिद्ध आहे, पण पडद्यावर दिसतात ते पाण्यात उलटे पडलेले हिरवे डोंगर. पाणी आरशासारखं स्थिर असेल तेवढाच वेळ रोज चित्रण व्हायचं. ख्रिस्तोफर डॉयल या छायाचित्रकाराची ही करामत.

ओसरी:
आणि तिथे एक थेंब उडून मॅगी च्युंगच्या मृत चेहऱ्यावर पडतो, आणि टोनी ल्युंग लढाई अर्धवट सोडून तो पुसायला जातो. मी तरी तिथे कपड्यांचा रंग बघत नव्हते.

दूरदेशी:
पांढऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. मला तोच शब्द सगळ्यांत अवघड वाटतो. पांढराशुभ्र की पांढराफटक?

शाईचा डाग:
शुभ्र कौतुकाचा. मोगरा, धुतलेलं धोतर, बगळा. फटक म्हणजे रंग उडालेला. आजारी माणूस, भूत पाहिलेला माणूस, रक्त कमी असलेली बाई. त्यामुळे कपडा शुभ्र आणि चेहरा फटक, अशी सोपी वाटणी. पांढराफेक मधे कुठेतरी, तो दोन्हीकडे चालतो.

दूरदेशी:
मग शेवटचा प्रसंग घ्या. वाळवंटात मॅगी च्युंग आणि टोनी ल्युंग, दोघं पांढऱ्या कपड्यांत. ती वार करते, तो मुद्दाम अडवत नाही. मग त्याच तलवारीने ती स्वतःला संपवते. चीनमध्ये पांढरा हा सुतकाचा रंग, अंत्यविधीला घालतात तो. म्हणजे चिनी प्रेक्षकाला ते सुरुवातीपासून कळलेलं असतं. ‘शुभ्र’ म्हटलं की मला सरस्वती दिसते, सुतक दिसत नाही.

निवडुंग:
आपल्याकडेही पांढरं कपाळ म्हणतातच की. नुसतं ‘पांढरं’ लिहा, त्यात दोन्ही येतं. शेपूट लावलं की बाजू घ्यावी लागते, आणि या चित्रपटाची बाजू घेणं तसंही अवघड. छिनच्या राजाला शेवटी सोडून देतात, एकछत्री सत्तेसाठी माणसं स्वतःहून मरतात, यावर लोक आजही भांडतात. टोनी ल्युंग वाळूत जे दोन शब्द लिहितो, ‘तिआन श्या’, त्यांचा अर्थ ‘आकाशाखालचं सगळं’. अमेरिकेत २००४ साली चित्रपट लागला तेव्हा पडद्याखालच्या इंग्रजी पट्टीत त्याचं ‘आपली भूमी’ झालं. आभाळाखालच्या सगळ्याची एकदम देशभक्ती! मला रंग प्रचंड आवडतात, शेवट आवडत नाही. दोन्ही एका वेळी म्हणायची मुभा चाहत्यांना असावी.

तांबडा_रस्सा:
शेवट मलाबी खटकतोय. पण काळ्या सैन्यासाठी शब्द सांगतो: काळंकभिन्न. काळाभोर म्हणजे केस, डोळे, ढग, त्यात माया असते. काळाकुट्ट अंधार. कभिन्न म्हणजे कातळ, ज्याला टक्कर देता येत नाही. ते सैनिक ओळीनं उभे राहून बाण सोडतात आणि एका सुरात ओरडतात, तेव्हा माणसं दिसत नाहीत, कातळच दिसतोय.

दूरदेशी:
ते ओरडतात ‘फंग! दा फंग!’ वारा, मोठा वारा. आणि काळा रंग दिग्दर्शकाच्या मनातून आलेला नाही. छिन घराण्याने जलतत्त्व आपलं मानलं आणि त्याचा काळा रंग राजवस्त्रांना घेतला, असं सिमा छियान या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात आहे.

ओसरी:
कभिन्न घेतला. लालभडक ठेवला, मैत्रिणीला शाईचा डाग यांचा प्रतिसाद पाठवला आहे. आता उरला हिरवा. राजवाड्यात ते उंचच उंच पडदे असतात, टोनी ल्युंग राजापर्यंत पोचतो, आणि पडदे एकेक करून खाली येतात. तो हिरवा मला सापडत नाही. हिरवागार म्हणजे शेत. हिरवाकंच म्हणजे चुडा, लुगडं, त्यात लग्नघर येतं.

तांबडा_रस्सा:
पोपटी?

निवडुंग:
पोपटीत पिवळा जास्त. साडीच्या दुकानात विचारा, तिथे आमसुली, अंजिरी, मोतिया, चिंतामणी सगळं मिळतं. शेवाळी म्हणावं तर मळकट होतो, पिस्ता म्हणावं तर फार फिका.

शाईचा डाग:
‘कोवळा हिरवा’. शेपूट नाही, पुढे विशेषण. ती आठवण त्या दोघांच्या तरुणपणीची आहे, तेव्हा चालावं.

निवडुंग:
तीन वर्षांपूर्वीची आठवण आहे हो. तेवढ्यात कोण कोवळं राहतं?