मदत हवी आहे: वाघूर धरणावर मरळ माशासाठी कोणता ल्युअर (नकली आमिष)?

राम राम मंडळी. होळी झाली की जळगावचं ऊन चढतं, वाघूर धरणाचं पाणी उतरू लागतं. मरळ हवा घ्यायला वर येते, त्यामुळे सकाळी काठच्या गवतात ती कुठे आहे ते बरोबर कळतं. पण रबरी बेडकाला धडक मारते अन् गळ लागतच नाही! लगेच झटका द्यायचा, की दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचं? बेडूक पोकळ, दोन हुकांचा आहे. हुक पाठीला चिकटलेले, म्हणून शेवाळात अडकत नाहीत. बहुधा त्यामुळेच तोंडातही रुतत नसावेत. थोडे बाहेर वाकवले तर चालेल का?

उन्हं तापल्यावर स्पिनर (फिरत्या चकचकीत पात्याचा ल्युअर) बरा की सॉफ्ट प्लास्टिक (मऊ रबरी ल्युअर)? आणि तापीवर हतनूर धरणाला शिवडा मासा कुणी ल्युअरवर काढलाय का? तो रात्रीचा शिकारी, म्हणून खुळखुळ आवाज करणारा ल्युअर चालेल असा माझा अंदाज.

पिल्लांच्या थव्यावर राखण करणाऱ्या मरळच्या वाटेला मी जात नाही, तेव्हा ते उपाय नकोत. धरणाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असेल तर गळासाठी परवानगी कुणाला विचारायची, तेही सांगा भाऊ.