मदत हवी आहे: हायपो-आम्लाच्या प्रयोगाचा आलेख वाकतोय

परभणीकर:
0.1 मोलर हायपो (सोडियम थायोसल्फेट) 10, 20, 30, 40, 50 मिली घेतलं. प्रत्येकात 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिली. द्रावण गढूळ होऊन फ्लास्कखाली कागदावर काढलेली फुली वरून दिसेनाशी व्हायला अनुक्रमे 74, 52, 43, 44, 39 सेकंद लागले. हायपो पाचपट केलं तरी वेळ फक्त निम्म्यावर कसा? पाणी बोअरचं आहे.

प्रयोगवही:
तुम्ही आकारमान वाढवलंय, संहती (द्रावणाची तीव्रता) जवळपास तिथंच आहे. मिसळल्यानंतरचा हिशोब करा. पहिल्या फ्लास्कात एकूण 20 मिली, म्हणजे हायपो 0.05 मोलर. शेवटच्यात एकूण 60, म्हणजे 0.083. पावणेदोनपटसुद्धा नाही! शेवटची तीन तर 0.075, 0.080, 0.083, त्यांत 43-44 ची उलटापालट होणारच. त्यात आम्लही दर वेळी जास्त पातळ होतंय.

दुसरी गोष्ट उंचीची. द्रावणाचा थर जाड असला की वरून बघताना अभिक्रियेत तयार झालेल्या गंधकाचे जास्त कण आड येतात, फुली लवकर झाकते. अभिक्रिया तेवढी वेगानं झालेली नसते.

एकूण आकारमान बांधून घ्या. हायपो 50, 40, 30, 20, 10 आणि पाणी 0, 10, 20, 30, 40. आम्ल 10 मिली शेवटी, एकदम ओता आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू. शेवटचा वेळ पहिल्याच्या साधारण पाचपट आला पाहिजे. आधी निळसर झाक येते, मग दुधाळ होतं. झाक दिसली म्हणून घड्याळ थांबवू नका. फ्लास्क एकच वापरा, पण दर वेळी घासून धुवा. तळाला गंधकाचा थर राहिला तर पुढची फुली आधीच अंधुक.

मोजमाप:
बोअरचं पाणी नकोच. त्यातले बायकार्बोनेट आम्ल खातात, आणि पाणी 0 ते 40 मिली बदलतंय म्हणजे चूकही प्रत्येक फ्लास्कात वेगळी. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालेल, बॅटरीचं आम्ल नव्हे. 250 मिली द्रावणाला हायपोचे स्फटिक 6.2 ग्रॅम.

पाचही वाचनं सलग घ्या. उन्हाळ्यात सकाळ-दुपारच्या तापमानात 10 अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यानं वेग जवळपास दुप्पट होतो. खिडक्या उघड्या ठेवा, सल्फर डायऑक्साइड निघतो. दम्याच्या मुलांना लांब बसवा.

परभणीकर:
मग हायपो तेच ठेवून आम्लाची संहती बदलली तर?

प्रयोगवही:
आम्ल पुरेसं असेल तर वेळ फारसा हलत नाही. करून दाखवा, पण तिथंही पाणी घालून एकूण 60 मिलीच.