'क्रिस्त राय' मराठीत कसा आणावा?

सासष्टीकरीण: शेजारची मावशी दर नोव्हेंबरात कपेलातल्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमधल्या, फेस्ताचा मजकूर मराठीत करून घ्यायला माझ्याकडे येते. गावात मराठी वाचणारी घरे आहेत, त्यांनाही आमंत्रण जाते. कोकणीत मथळा होता, 'क्रिस्त रायाचें फेस्त'. मी 'ख्रिस्तरायाचा सण' लिहिले. छापखान्यातून आले ते 'महाराजाधिराज ख्रिस्त यांचा उत्सव' होऊन. मावशीने पत्रक दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, "बाय, कांट्यांचो मुकूट घाल्लो ताका म्हाराजाधिराज?" मला उत्तर सुचले नाही. माझा 'राय' चुकला का?

जुना मुद्रितवाचक: चुकला. आजच्या वाचकाला 'राया' म्हटले की लावणी आठवते. सरळ 'ख्रिस्तराजा' लिहावे. कोकणीतला शब्द उचलून मराठीत ठेवायची सवय आपल्याकडे फार वाढली आहे.

पेडण्याची सून: काका, तुम्हाला लावणी आठवते, मला आषाढीची दिंडी. पंढरीराया, विठुराया, खंडेराया हे काय कोकणीतून आले? राजाला दुरून मुजरा करायचा, 'राया' म्हटले की देव उंबऱ्याच्या आत येतो. आणि देवाला आपण 'तू' म्हणतो. छापखान्याने 'यांचा' लावला तिथेच मावशीचा देव लांब गेला.

राशोलचा: आधी सण समजून घ्या. तो फार जुना नाही. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली सुरू केला. महायुद्ध होऊन गेले होते, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रियाची राजघराणी कोसळली होती, इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. देश आणि पुढारी स्वतःलाच सर्वांच्या वर मानू लागले, तेव्हा खरा राजा कोण ते सांगायला हा सण. पूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या फेरबदलानंतर चर्चच्या उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी आला, म्हणून मावशी नोव्हेंबरात येते.

मावशीचे म्हणणे खरे आहे. रोमन सुभेदार पिलातापुढे येशू म्हणाला, माझे राज्य या जगाचे नाही. खुरसावर, म्हणजे क्रुसावर, 'यहूद्यांचा राजा' अशी पाटी लागली ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. पण प्रकटीकरणाच्या पुस्तकात तोच 'राजांचा राजा' आहे, तेव्हा छापखान्यालाही सगळा दोष देऊ नये. शिवाय 'ख्रिस्त' म्हणजेच अभिषिक्त. शमुवेल संदेष्ट्याने दाविदाला राजा म्हणून तेलाने अभिषेक केला, तसा. 'ख्रिस्त' म्हटले की त्यात राजा आलाच.

जुना मुद्रितवाचक: मग 'अभिषिक्त राजा' लिहा. शुद्धही आहे, भारदस्तही.

पेडण्याची सून: अभिषेक म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर पिंडीवरची धार येते. तेल नाही येत.

राशोलचा: येऊ दे की धार. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी १६१६ साली इथेच गोव्यात ओवीत 'ख्रिस्तपुराण' छापले, त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. चारशे वर्षांपूर्वी त्या परदेशी माणसाला लोकांच्या तोंडचा शब्द चालला, आणि आपण सोवळे पाळत बसलोय.

जुना मुद्रितवाचक: सोवळ्याचा प्रश्न नाही. वाचकाला पहिल्या फटक्यात काय कळते, एवढेच मी आयुष्यभर पाहिले. 'ख्रिस्तराया' वाचून दहातले चार अडखळतील.

पेडण्याची सून: सहा जणांना तर कळेल ना! जानेवारीत 'तीन रायांचें फेस्त' म्हटले तर अख्ख्या गोव्यात कोण अडखळतो? आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तर बाळ येशूला भेटायला आलेले ते तिघे राजे नाहीतच, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत. तरी लोकांनी त्यांना राय केले.

सत्तरीतला: यावरून आठवले. सासष्टीत राय नावाचा गाव आहे आणि राशोललाही जुनी माणसे रायतूर म्हणतात. दोन्ही नावे याच 'राय'वरून पडली असणार.

राशोलचा: ऐकायला गोड आहे, पण 'राई' म्हणजे झाडीही होते. आमराई, देवराई.

सासष्टीकरीण: मंडळी, मावशी उद्या तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपला की येणार आहे. राया की राजा? पत्रके परत छापायची आहेत.

सत्तरीतला: देवराईला आमच्याकडे 'देवाची राय' म्हणतात. लहानपणी आजोबांबरोबर जायचो तेव्हा ते वाटेवरच वहाणा काढत. वाळकी काटकीसुद्धा घरी आणू देत नसत. राजाचा वचक असतो तसाच तो. म्हणून मला वाटते, शब्द एकच.

जुना मुद्रितवाचक: ती राय, तो राय नव्हे. आधी लिंग बघा.

सत्तरीतला: लिंग मागाहूनही बदलते, काका. उदाहरणे देतो, थांबा.