कॉम्रेड्सची तयारी: आपला उन्हाळा, आपले पाय, आपले बूट (अनुभव लिहा)

धागाकर्ता, पुणे, वय ४९

गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर कॉम्रेड्सची तयारी करणारे तिघं भेटले. एकाचा गुडघा धरलेला, दुसऱ्याची टाच, तिसरा बुटाला शिव्या घालत होता. चौथा मी. म्हटलं, एकदा सगळ्यांनी मनातलं लिहून काढावं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांच्या मधली ही डांबरी रस्त्यावरची शर्यत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून विक क्लॅफम या सैनिकाने ती २४ मे १९२१ ला पहिल्यांदा भरवली. ३४ जण सुटले, १६ पोचले. आता हजारोंनी पळतात. साधारण आलटून पालटून एका वर्षी डर्बनहून वर चढायचं, तो 'अप रन', आणि पुढच्या वर्षी उलट, तो 'डाऊन रन'. अंतर ८५ ते ९० किलोमीटरच्या मधे, वेळ बारा तास.

आपली गोची अशी की शर्यत जूनमध्ये. तिथे तेव्हा थंडी. म्हणजे खरी मेहनत फेब्रुवारी ते मे, आणि आपल्याकडे ते महिने कसे असतात ते सांगायला नको.

एकच विनंती: कोणी शेड्यूल टाकू नका, शेड्यूलं ढिगाने मिळतात. काय बिघडलं, तेव्हा काय केलंत आणि ते बरोबर होतं का, एवढंच लिहा.

माझ्यापासून सुरुवात. २०२४, अप रन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या पोटरीत बारीक कळ यायला लागली. रविवारी तक्त्यात ५६ किलोमीटर लिहिलेले. बायको म्हणाली, "आज राहू दे." मी म्हणालो, "बघतो, नाही जमलं तर परत येतो." नाही जमलं म्हणून परत आलेला धावपटू मी आजवर पाहिलेला नाही. ४१ व्या किलोमीटरला पोटरी गच्च आवळली आणि रिक्षाने घरी आलो. पुढचे अठरा दिवस गेले. त्यात बोपदेव घाटाचे दोन रविवार होते, जे अप रनसाठी जीव की प्राण होते.

पॉली शॉर्ट्स हा शेवटचा मोठा चढ, जवळपास पावणेदोन किलोमीटरचा. तोपर्यंत मी वेळेत होतो, पण तो आख्खा चालत चढलो. उतारावर पोटरीने पुन्हा मान टाकली. बारा तासांची बंदूक झाली तेव्हा मी स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सच्या बाहेर होतो. तिथे बंदूक उडवणारा माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे कोणाचा चेहरा बघून हात थांबायला नको. तीन मिनिटं आणि काही सेकंद उशीर. पदक नाही.

ते पदक पॉली शॉर्ट्सवर गेलं असं सगळे समजतात. माझ्या मते ते एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळी सहा वाजताच गेलं होतं.

नागपूर, वय ५३

दादा, तुमच्या पुण्यात ३९ झालं की पेपरात फोटो येतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ ला कोणी मान वर करून बघत नाही.

मी रात्री दोनला उठायचो आणि तीनला वर्धा रोडला पायाखाली घ्यायचो. साडेसातच्या आत घरात, नाहीतर सूर्य खातो. रात्री पळण्यात दोन अडचणी: झोप आणि कुत्री. झोपेचं काही करता आलं नाही. कुत्र्यांसाठी खिशात पार्ले-जी. तीन आठवड्यांत ओळख झाली, मग एक काळी कुत्री फ्लायओव्हरपर्यंत सोबत यायची. तिचा पेस माझ्यापेक्षा चांगला होता.

मी मार्चमध्ये एक चूक केली: जानेवारीचाच पेस उन्हाळ्यात पकडायचा हट्ट. हृदयाचे ठोके दहा-पंधराने जास्त, आणि मी घड्याळावर चिडतोय. मग पेस बघणं बंद केलं, ठोक्यांवर पळायला लागलो. दर लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करायचं. पहिल्यांदा अडीच किलो उतरलं तेव्हा घरचे घाबरले. त्यानंतर बाटलीत कैरीचं पन्हं, वरून मीठ जरा जास्त. पळताना खायचे एनर्जी जेल माझ्या पोटाला चालत नाहीत, राजगिऱ्याची वडी चालते.

गंमत पुढे. इतकी गरमी सोसून गेलो २०२५ च्या डाऊन रनला. मारित्झबर्गच्या सिटी हॉलसमोर पहाटे अंधारात उभा, आणि दात वाजतायत! थंडीची तयारीच नव्हती. एका अनुभवी माणसाने आधी सांगितलं होतं म्हणून सीताबर्डीवरून घेतलेला दीडशे रुपयांचा स्वेटर अंगात होता. सुटल्यावर अंग तापलं की तो रस्त्याच्या कडेला काढून ठेवायचा, तिथली गरजू माणसं ते कपडे घेऊन जातात. उकाड्यात घडलेलं अंग दिवसा उपयोगी पडलं. डर्बनजवळ दुपारी लोक उन्हाने कण्हत होते, मला ते आपलं फेब्रुवारीसारखं वाटलं.

पुणे, वय ४४

धागा वाचताना हसू आवरत नाहीये, कारण ती टेकडीवरची 'टाच' माझीच.

मी २०२३ चा डाऊन रन केला, १० तास ४१ मिनिटं. डाऊन म्हणजे सोपा, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला फील्ड्स हिलवर आणून सोडलं पाहिजे. साठ-पासष्ट किलोमीटर पळून झाल्यावर तो तीव्र उतार सुरू होतो आणि पाइनटाउनपर्यंत सोडत नाही. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता ब्रेक मारत असतात, त्यामुळे चढापेक्षा जास्त मार तिथे बसतो. श्वास ठीक असतो, पाय मात्र संपतात.

म्हणून मी सिंहगडावर सगळ्यांच्या उलट केलं. लोक पायथ्यापासून पळत वर जातात आणि जीपने खाली येतात. मी जीपने वर जायचे, पिठलं-भाकरीकडे न बघता पळत खाली यायचे. जीपवाला विचारायचा, "मॅडम, उलटं का?" पहिल्यांदा उतरले त्यानंतर दोन दिवस घरातला जिना मागे तोंड करून उतरले. दहा दिवसांनी तोच उतार पुन्हा केला तर निम्मंसुद्धा दुखलं नाही. स्नायूंना तो मार एकदा दाखवून ठेवावा लागतो. असे पाचच उतार केले, शेवटचा शर्यतीच्या साधारण चार आठवडे आधी. जास्त केले असते तर गुडघा गेला असता.

आता टाच. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं, आणि दहा पावलांनी बरं: प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्याच्या जाड पडद्याचं दुखणं. मी दोन महिने फक्त बर्फाची बाटली टाचेखाली फिरवत बसले. बरं वाटायचं, बरं व्हायचं नाही. फिजिओने दोन गोष्टी सांगितल्या: बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर सावकाश टाचा उचलणं, आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद. पहिली सोपी. दुसरीवरून घरात महाभारत. सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरात चपला? माझ्या हयातीत नाही." शेवटी फक्त घरातच वापरायची नवी कोरी मऊ चप्पल आणली, तिला कधीही उंबरठा ओलांडायचा नाही या अटीवर. हळदीकुंकू लावायचं तेवढं राहिलं. आता त्याही तसलीच घालतात, त्यांचीही टाच दुखायची, बोलल्या नव्हत्या.

डोंबिवली, वय ३८

सगळे उन्हाळ्याचं लिहितायत. २०२२ ची शर्यत २८ ऑगस्टला होती हे आठवतंय का? करोनात दोन वर्षं रद्द झाली, मग ऑगस्टमध्ये घेतली. म्हणजे आमची तयारी जून-जुलैच्या पावसात.

पावसात पळायला छान वाटतं, पहिले सात किलोमीटर. मग मोजे भिजतात, कातडी पांढरी पडते आणि सोलते. चार तास ओल्या बुटात पळून पुढचे तीन दिवस पायाच्या बोटांमधल्या चिरांना मलम लावत लोकलमध्ये उभा. उपाय: जाड कॉटनचे मोजे फेकून दिले, बोटं वेगळी असणारे पातळ सिंथेटिक मोजे, आणि निघायच्या आधी पायाला पेट्रोलियम जेली, लाज न बाळगता. घरी आल्यावर बुटाचा आतला तळ काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाने बदलायचे. तरी जुलैत एक जोडी वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून तीन जोड्या आलटून पालटून. बायकोने गॅलरीला 'चप्पलबूट स्टँड, डोंबिवली पूर्व' नाव दिलं.

कार्बन प्लेटच्या (तळात कडक कार्बनची पट्टी असलेल्या) बुटांबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. मॅरेथॉनला मी तेच वापरतो, सुंदर पळवतात. पण ४८ किलोमीटरच्या सरावात तिसाव्यानंतर माझी चाल मोडली. इतका उंच, इतका मऊ फोम, त्यात रस्ता कडेला उतरता. दमलेला घोटा आत-बाहेर डगमगायला लागला. दोन आठवडे घोट्याच्या आतल्या बाजूला सूज. सव्वापाच-साडेपाच तासांत जिंकणाऱ्यांचा पाय आणि अकरा तास रखडणाऱ्या माझा पाय एक नाही. शेवटी साधा, रुंद, जाड तळाचा रोजचा बूट घातला, अर्धा साइज मोठा, कारण तासांगणिक पाय सुजतो आणि उतारावर नखं पुढे आपटतात. ११ तास २२ मिनिटांत पोचलो, एक नख गेलं. माझ्या हिशेबात फायदा.

मिरज, डॉक्टर, वय ५७

दोनच ओळी, पेशंट बसलेत. शर्यतीच्या आधी किंवा मधे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काही घेऊ नका. शरीरात पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात, शिवाय कुठे थांबायचं हे सांगणारी वेदनाच गायब होते. आणि तहान नसताना प्रत्येक टेबलावर साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम घसरतं. पळून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर शाबासकी नव्हे, तपासणी.

सातारा, वय ४१

मी न पळालेला माणूस. चालेल ना?

२०२५, व्हिसा, विमान, हॉटेल, सगळं झालेलं. मार्चमध्ये यवतेश्वरचा घाट करून आलो आणि नडगीत दुखायला लागलं. 'शिन स्प्लिंट, होतं सगळ्यांना' म्हणून तीन आठवडे ओढलं. फरक मला फार उशिरा कळला. दुखणं हाडावर हाताच्या पंजाएवढ्या पट्ट्यात पसरलेलं असेल तर एक वेळ थांबून बघता येतं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, एका पायावर उडी मारताच कळ मस्तकात जात असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. माझा एक्स-रे स्वच्छ आला, मी खूश. एमआरआयमध्ये हाडाला तडा दिसला.

तरी गेलो, तिकीट परत मिळत नव्हतं. आदल्या दिवशी, ७ जूनला, सोबतच्या मंडळींबरोबर मारित्झबर्गच्या रेल्वे स्टेशनवर गेलो. १८९३ मध्ये याच तारखेला गांधीजींना गाडीतून याच फलाटावर उतरवलं होतं. लहानसं, विटांचं स्टेशन. आमच्यातला एक जण कुबडीवर (मी) आणि बाकीचे 'जिना चढू नको, उद्या पाय लागतील' असं एकमेकांना बजावतायत.

शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पहिला तास डोळ्यांत पाणी होतं, मग मीठ लावलेले उकडलेले बटाटे वाटायला घेतले. एवढे हात माझ्या हाताला लागले की संध्याकाळी बोटं खारट.

जोहान्सबर्ग, मूळ चिपळूण, वय ४६

इथे अकरा वर्षं आहे, पाच कॉम्रेड्स झाल्या. तुमच्यापेक्षा वेगळं एवढंच सांगतो की इथले लोक बुटांवर इतकं बोलत नाहीत. माझ्या क्लबातले एक सिक्युरिटी गार्ड आहेत, तळ झिजलेल्या बुटात माझ्या पुढे दीड तास पोचतात. ते म्हणतात तयारी म्हणजे झोप.

'बस' वापरा. ठरावीक वेळेला नेणारा एक अनुभवी 'ड्रायव्हर' पुढे असतो, मागे शे-दोनशे माणसं गाणी म्हणत. तो चढावर चालायला लावतो ते मुकाट ऐका. नवख्यांचा घात पहिल्या वीस किलोमीटरमध्ये होतो, जेव्हा चालणं अपमान वाटतं. अप रनला अर्ध्या वाटेवरच्या ड्रमंडच्या थोडं आधी आर्थर्स सीट लागते, रस्त्याकडेच्या कातळातली बसायची खोबण. पाच वेळा जिंकलेल्या आर्थर न्यूटनची जागा. तिथे फूल ठेवून "गुड मॉर्निंग, आर्थर" म्हटलं की उरलेली अर्धी शर्यत बरी जाते म्हणतात. मी एकदा विसरलो, इंचांगाच्या चढावर ओकलो. योगायोग असेल, पण आता खिशात फूल असतं.

आणि पाणी पेल्यात नसतं, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत असतं. दाताने कोपरा फोडायचा. सराव करून या.

धागाकर्ता, पुणे

सातारकर, तुमचा अनुभव सगळ्यात आधी वाचायला हवा होता, दोन वर्षांपूर्वी. परवा त्याच पोटरीत पुन्हा कळ आली. या वेळी पहिल्याच दिवशी पळणं थांबवलंय, पाच दिवस झाले. पोहायला जातो. घरात मी असह्य झालोय असं बायकोचं म्हणणं.

डोंबिवलीकर, रुंद बूट म्हणजे नेमकी किती बोटं जागा पुढे सोडता?

डोंबिवली

संध्याकाळी, पाय सुजलेले असताना दुकानात जायचं, उभं राहून अंगठ्यापुढे एक आडवं बोट. सकाळी घेतलेला बूट जूनमध्ये चावतो.

नागपूर

त्या पिशव्यांचं खरं आहे भाऊ. आमच्याकडे बसस्टँडवर पाण्याचे पाऊच मिळतात, एप्रिलपासून मी पळताना तेच फोडायचो. पहिल्यांदा सगळं नाकात गेलं. दुसऱ्यांदा मागून येणाऱ्या दूधवाल्यावर.