ब्रेझा, नेक्सॉन, पंच, सोनेट: आमच्या पाणंदीत खरी स्पर्धा कुणाची?

पाणंदकर (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. २०१२ ची वॅगन आर आता थकली. वडिलांच्या वेळची गाडी, म्हणून इतके दिवस ओढली. आता छोटी एसयूव्ही घ्यायची आहे आणि गेले दोन महिने डोक्यात नुसता गोंधळ आहे.

आधी आमची परिस्थिती सांगतो. घर वेळणेश्वर आणि हेदवीच्या मधल्या एका वाडीत. डांबरी रस्ता सुटला की साधारण पाव किलोमीटर पाणंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. देवळाकडच्या वळणावर मी टेप लावून मोजलं: गडग्यापासून गडग्यापर्यंत ७ फूट १ इंच. त्यानंतर खळ्यात (घरापुढच्या अंगणात) शिरताना एक उभा चढ आहे, पावसात त्यावर शेवाळ धरतं. आई ७४ वर्षांची, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला महिन्यातून दोनदा चिपळूणला न्यावं लागतं. बायको आता गाडी शिकतेय. सव्वाशे कलमं आहेत, आणि घराशेजारी पाहुण्यांसाठी दोन खोल्या.

सगळे व्हिडिओ ब्रेझाला नेक्सॉनशी, व्हेन्यूला सोनेटशी लावून तुलना करतात. शोरूमवाला म्हणतो पंच "खालच्या वर्गातली", तिची तुलनाच करू नका. पण मला आठ गाड्यांचा तक्ता नको आहे. माझ्या कामासाठी एकमेकींसमोर खरोखर उभ्या राहणाऱ्या गाड्या कोणत्या, एवढं कुणी अनुभवी माणसाने सांगावं. आंब्याच्या पेट्या, कुंभार्ली घाट आणि दाभोळची फेरीबोट, हे तिन्ही लक्षात घ्या.

लालडब्बा_३२वर्षं (चिपळूण)

बाळा, मी एसटीत बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली बरीच वर्षं कुंभार्लीत गेली. तू गडगा मोजलास हे सगळ्यात बरं केलंस. लोक गाडी दारात आणतात आणि मग मोजतात.

आता हा चार मीटरचा वर्ग आला कुठून ते बघ. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने लहान गाड्यांवरचा उत्पादन शुल्क कमी केला. अट अशी, की लांबी चार मीटरच्या आत हवी, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. म्हणून ब्रेझा, व्हेन्यू, नेक्सॉन, कायलॅक या सगळ्या बरोब्बर ३९९५ मिलिमीटर. ही लांबी करासाठी ठरली आहे, तुझ्या पाणंदीसाठी नव्हे. नुसती लांबी सारखी म्हणून त्या एकमेकींच्या स्पर्धक होत नाहीत.

त्यातही ब्रेझाचं वेगळं आहे. २०१६ साली आली तेव्हा तिच्यात १२४८ सीसीचं डिझेल होतं, ते चौकटीत बसत होतं. २०२० मध्ये मारुतीने डिझेल सोडलं आणि ब्रेझाला १४६२ सीसीचं पेट्रोल बसवलं. लांबी आत, पण इंजिन बाहेर. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे जीएसटी दर लागले, तेव्हा नेक्सॉन, सोनेट, पंच, फ्राँक्स १८ टक्क्यांत गेल्या आणि ब्रेझा ४० टक्क्यांत राहिली. तेव्हा ब्रेझाची किंमत बघताना तू जास्तीचा कर भरतोयस हे ध्यानात ठेव. त्या पैशात तुला काय मिळतं, हा प्रश्न विचार.

मिळतं एक: टर्बो नसलेलं, चार सिलिंडरचं, साधं इंजिन. टर्बो गाडी घाटात छान ओढते, नाकारत नाही. नेक्सॉनचं पेट्रोल १७० न्यूटन मीटर ओढ (टॉर्क) देतं आणि तेही कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाच. ब्रेझाला १३७ साठी ४४०० आरपीएमपर्यंत जावं लागतं, म्हणजे भरल्या गाडीला वळणावर दुसरा गिअर आलाच. पण तुझ्या खळ्याचा चढ वेगळा आहे. तिथे गाडी थांबलेली असते, टर्बो जागा झालेला नसतो, आणि लहान तीन सिलिंडरचं इंजिन त्या क्षणी मरगळतं. मग नवशिका माणूस अर्ध्या क्लचवर गाडी धरतो आणि क्लचप्लेट जळते. सूनबाई शिकतेय म्हणालास म्हणून हे मुद्दाम लिहिलं. कोणतीही गाडी घे, हिल होल्ड असलेलीच घे, म्हणजे चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी क्षणभर धरून ठेवणारी.

देवगडची_लेक

दादा, तुम्ही डिझेलचा उल्लेख केला नाही, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. या आकारात डिझेल आज नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू आणि महिंद्राची थ्रीएक्सओ यांच्यात मिळतं. ताकदीला तोड नाही. थ्रीएक्सओ ३०० न्यूटन मीटर, नेक्सॉन २६०, सोनेट आणि व्हेन्यू या कोरियन दोघी २५०. पेट्या भरून घाट चढायला यापेक्षा सुख नाही.

पण माझ्याकडे डिझेल आहे आणि मी ती गावात रोज शाळेपर्यंत सहा किलोमीटर नेते, सहा किलोमीटर आणते. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की गाडी आतल्या आत ती काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून सलग वीस-पंचवीस मिनिटं तरी एका वेगात चालायला हवं. आमच्या रस्त्यावर ते कुठे होणार? दिवा लागला की मी मुद्दाम राजापूरपर्यंत हायवेला जाऊन येते. एकदा तसं करायचं राहिलं तर वर्कशॉपला न्यावी लागली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. छोट्या फेऱ्यांची कोणतीही नवी डिझेल अशीच वागेल.

तुमचं महिन्याचं चालवणं मोजा. चिपळूणच्या दोन फेऱ्या सोडल्या तर बाकी शृंगारतळी आणि गुहागरच असेल ना? मग या चौघींचं डिझेल तुमच्या यादीतून गेलं असं समजा. आणि वर्षातून किती वेळा तुम्ही स्वतः पेट्या घेऊन घाट चढता? आमच्या पेट्या तर टेम्पोतच जातात.

खाडीकिनारा (दाभोळ)

फेरीबोटीचं मी सांगतो, रोज बघतो. धोपाव्याच्या बाजूला काय, आमच्या बाजूला काय, ओहोटीला जेटीचा उतार लांब आणि ओला होतो. तिथे या सगळ्या गाड्या सारख्याच, कारण सगळ्या फक्त पुढच्या चाकांवर चालतात. दिसायला जीप, अंगाने हॅचबॅक. म्हणूनच त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. चारही चाकं ओढणारी हवी तर जिमनी किंवा थार घ्यावी लागेल. त्याही चार मीटरच्या आत आहेत, पण त्यांची चेसिस वेगळी, चढणं-उतरणं वेगळं. आईंना थारमध्ये बसवून बघा, लगेच कळेल ती तुमच्या यादीतली नाही.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावर भांडू नका. नेक्सॉन २०८, सोनेट २०५, ब्रेझा १९८, कायलॅक १८९, पंच १८७. हे बहुतेक रिकाम्या गाडीचे आकडे असतात, पाच माणसं बसली की सगळ्या खाली येतात. चढ संपून सपाटी लागते तिथे गाडीचं पोट घासतं, आणि तिथे दोन चाकांमधलं अंतरही बघायचं. पंचचं २४४५ आहे, ब्रेझाचं २५००, थ्रीएक्सओचं २६००. पंच उंचीला कमी असली तरी आखूड आहे, त्यामुळे जिथे लांब गाडी टेकेल तिथून ती निघून जाईल. तुमच्या खळ्याच्या तोंडाशी हाच प्रश्न येणार.

बाकी, माका विचारशात तर घोव-बायल दोघांनी चालवून बघा, एकट्याने ठरवू नका.

पाणंदकर (गुहागर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ताई, तुमचं वाचून मी वही काढली आणि हिशेब मांडला. गेल्या वर्षी मी स्वतः पेट्या घेऊन कुंभार्ली चार वेळा चढलो. चारच! बाकी सगळा माल टेम्पोने गेला. आणि मी दोन महिने घाटाच्या ताकदीवर गाडी निवडत होतो. डिझेल सोडलं.

मग रुंदी मांडली. थ्रीएक्सओ १८२१, नेक्सॉन १८०४, ब्रेझा आणि सोनेट १७९०, कायलॅक १७८३, फ्राँक्स १७६५, पंच १७४२, एक्स्टर १७१०. व्हेन्यू आधी १७७० होती, पण २०२५ च्या नोव्हेंबरात आलेली नवी १८०० ची आहे. हे सगळं आरसे सोडून. माझ्याकडे २१५९ मिलिमीटर आहेत. आमची वॅगन आर जेमतेम दीड मीटर, म्हणून आजवर कधी जाणवलं नाही. १८०० च्या पुढच्या गाडीला दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही, आणि त्यातच आरसे. मी आरसे मिटून जाईन, पण बायको शिकतेय. त्यामुळे नेक्सॉन आणि थ्रीएक्सओ गेल्या. मनापासून वाईट वाटलं, कारण नेक्सॉन मला सगळ्यात आवडली होती. २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, तेव्हापासून डोळ्यात होती.

डिकीच्या लिटरवर आता माझा विश्वास नाही. एक्स्टर ३९१ सांगते आणि तिच्यापेक्षा १८० मिलिमीटर लांब ब्रेझा ३२८. मी एक रिकामी पाच डझनी पेटी घेऊनच शोरूमला जातो आता. उंचीने लिटर भरतात, पण पेटीला तळ सपाट आणि रुंद लागतो.

आईचा विषय राहिला. फ्राँक्समध्ये ती बसली, पण उठताना माझा हात धरावा लागला. ब्रेझात सीट तिच्या मांडीच्या उंचीला आली. पंचमध्येही आली, आणि पंचचे दरवाजे थेट नव्वद अंशात उघडतात, त्यामुळे ऑपरेशनचा पाय न वाकवता तिने तो आधी बाहेर ठेवला. सेल्समनने न सांगता तिला ते उमगलं.

तर माझ्यापुरती स्पर्धा पंच आणि ब्रेझा यांच्यात आहे, शोरूमवाला काहीही म्हणो. पंच गिअरची. ब्रेझा ऑटोमॅटिक, बायकोसाठी, कारण तिच्यात क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि चढावर ती मागे सरकत नाही. पंचचं ऑटोमॅटिक एएमटी आहे, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं; ते मी त्या शेवाळावर घेणार नाही.

लालडब्बा_३२वर्षं (चिपळूण)

आता बरोबर बोललास. पंचचं टर्बो नसलेलं इंजिन ११५ न्यूटन मीटरचं, तीन सिलिंडरचं, पण गाडी ब्रेझापेक्षा शंभरेक किलोंनी हलकी. चार माणसं आणि थोडं सामान असेल तर कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढेल. घाई करशील तर ओरडेल. पाच माणसं आणि पेट्या असतील तर मात्र तुला ब्रेझा हवी. वर्षातून चार वेळा म्हणालास. त्या चार वेळांसाठी बाकीचे दिवस जास्त पैसे भरायचे का, हे तुझं तू ठरव.

पाणंदकर (गुहागर तालुका)

काका, काल दोन्ही गाड्या खळ्यापर्यंत आणवल्या. ब्रेझा देवळाच्या वळणावर बायकोने आणली, थांबून, एकदा मागे घेऊन. पंच तिने न थांबता आणली, आणि खळ्याच्या चढावर हिल होल्डवर क्लच सोडायला तिला दोन प्रयत्न लागले. उतरल्यावर ती म्हणाली, "हा चढ मी शिकेन, पण गडगा काही सरकणार नाही."

पंच बुक केली. पेट्रोल, गिअरची. सीएनजी घेतली नाही, इथून पंप लांब पडतो.

आता एकच विचारायचं आहे. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, जुन्या गाडीचा खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने गेला. शृंगारतळी किंवा चिपळूणला गंजरोधक कोटिंग नीट करणारा कुणी माहीत आहे का? दारांच्या आणि पत्र्याच्या खाली पाणी जायला भोकं असतात, ती न बुजवता करणारा हवा. मागच्या वेळी ज्याने केलं त्याने सगळी बुजवली होती आणि पाणी आतच साठलं.